आजीला घेऊन जुन्या बाजारात जायचंय (पुणे), माहिती हवी आहे

गुलबक्षी

नमस्कार मंडळी, दिवाळी झाली की आम्ही सगळे पुण्याला आजीकडे चाललोय. आम्ही बेंगळुरूहून, म्हणजे मी, नवरा आणि मुलं (लेक सात वर्षांची, मुलगा अकरा), आणि धाकटी बहीण न्यू जर्सीहून येतेय. आजी म्हणजे आईची आई, सत्त्याऐंशी वर्षांची, नारायण पेठेत राहते. डोकं आणि जीभ दोन्ही खणखणीत आहे, पण गुडघे धरलेत, घरात काठी घेऊन फिरते, बाहेर फार वेळ उभं राहवत नाही.

तर झालंय असं की वाडा पाडून बिल्डिंग झाली तेव्हा घरातली बहुतेक तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली. बंब, घंगाळं, परात, मोठाली पातेली, सगळंच. फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे म्हणून तेव्हा कोणाला काही वाटलंही नाही. आजी त्यावेळी गप्प राहिली पण आता फोनवर अधूनमधून तिच्या कडीच्या पितळी डब्याचा विषय काढते, उभट होता, झाकणाला कडी, आम्ही मे महिन्यात गेलो की त्यात लाडू असायचे. मागे स्वतःच म्हणाली, "तुम्ही दोघी आलात की मला एकदा जुन्या बाजारात न्या गं, बघू तसा मिळतो का." एरवी कशाला नाही म्हणणारी बाई स्वतःहून काही मागतेय, त्यामुळे हे काहीही करून जमवायचंच आहे.

आता प्रश्न असे की एवढ्या वयाच्या बाईला तिथल्या गर्दीत कसं न्यायचं, कोणत्या दिवशी न्यायचं, आणि जुनं म्हणून नवीन गळ्यात मारत नाहीत ना हे ओळखायचं कसं, कारण मला यातलं शून्य कळतं. बहिणीलाही समई वगैरे काहीतरी तिकडे न्यायचंय, विमानाने नेता येतं का? मुंबईचा चोरबाजार पण बघावा का? मुलं कंटाळू नयेत म्हणून जवळपास काही असेल तर तेही सांगा.

---

पेठेतला_पाहुणा

बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मंगळवार पेठेत, शनिवारवाड्यापासून लांब नाही. आजींना न्यायचं तर डोळे मिटून बुधवार पकडा, रविवारी अख्खं पुणं तिथे लोटलेलं असतं, धक्के लागतात. सकाळी आठला जाऊन उपयोग नाही, मंडळी तेव्हा पथाऱ्याच मांडत असतात, साडेदहाच्या पुढे जा आणि ऊन चढायच्या आत बाहेर पडा. स्वतःची गाडी नेऊ नका, रिक्षाने जा, रिक्षावाल्याला थोडे पैसे जास्त देऊन थांबवून ठेवता आलं तर उत्तमच.

खरं सांगायचं तर मी आजींना आत चालवणार नाही. खाली दगड-गोटे, मधेच नट-बोल्ट, जुनी हत्यारं, मोटारीचे पार्ट पसरलेले असतात, नीट चालणाऱ्याचाही पाय अडखळतो. घडीचं स्टूल न्या, कडेला सावलीत त्यांना बसवा, तुमच्यातला एक जण सोबत थांबेल आणि बाकीच्यांनी आत जाऊन डब्यांचे फोटो काढून आणून दाखवायचे. आवडला की दुकानदाराला विनंती करायची, डबा घेऊन चार पावलं येतात ते, वयस्कर माणूस बघून कोणी नाही म्हणत नाही असा माझा अनुभव आहे.

चोरबाजार यावेळी नको. मटन स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं बघण्यासारखी आहेत, फर्निचर, झुंबरं, जुने कॅमेरे, सगळं, पण शुक्रवारी ती बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावर वेगळाच बाजार भरतो. पुणे-मुंबई करून वर भेंडीबाजारातली गर्दी, आजींना तर शक्यच नाही आणि आजींना घरी ठेवून जायचं तर मग या ट्रिपचा उपयोग काय.

---

ठोक्याचं_पातेलं

फोटोवाली आयडिया मला पटली नाही. पितळेचं भांडं फोटोत काहीच सांगत नाही, हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि तुमच्या सगळ्या घरात ते हातात घेऊन ओळखणारी एकच व्यक्ती आहे ती म्हणजे आजी. वस्तू त्यांच्यापर्यंत न्या हवं तर, पण निवड त्यांच्या हातांनी होऊ दे. मी गेली बरीच वर्षं जुनी भांडी जमवते, आणि जे काही शिकले ते सासूबाई आणि त्यांच्या बहिणींकडून शिकले.

तरी तुम्हाला बघता यावं म्हणून सांगते. आधी उचलून बघा, जुना डबा दिसतो त्यापेक्षा जड लागतो, हल्लीचे पत्र्याचे डबे हलके असतात. मग उलटा करा. बूड खरं बोलतं. वर्षानुवर्षं फरशीवर आणि फडताळात सरकवलेल्या डब्याच्या बुडाची कड गुळगुळीत झालेली असते आणि चरे वेगवेगळ्या दिशांना, काही खोल काही पुसट. मुद्दाम जुना केलेला असेल तर ओरखडे एकाच दिशेने, एकाच खोलीचे दिसतात. तसंच हिरवट-काळा रंग कोपऱ्यात, कडीच्या खाली, सांध्यात साचलेला असायला हवा, सगळीकडे सारखाच फासल्यासारखा असेल आणि ओल्या बोटाने पुसून बोटाला लागत असेल तर तो अ‍ॅसिडचा खेळ आहे. कडी जिथे अडकते ते भोक बघा, रोज उचलून ते एका बाजूने झिजून लांबट झालेलं असतं, ही झीज कोणाला चटकन करता येत नाही. डाग दिलेला, म्हणजे झाळून जोडलेला, सांधाही बघा, जुना डाग हाताचा असतो, थोडा वेडावाकडा.

अडकित्ते मिळतात तिथे, मोराचे, घोड्याचे, पण बरेचसे नवीन ओतलेले असतात, खिळ्याजवळ बोटाने चाचपा, आतमध्ये वाळूसारखा खरखरीतपणा लागला तर सोडून द्या. पितळी कर्णा लावलेले चकचकीत ग्रामोफोन अजिबात नको, बहुतेक नवीनच जुळवलेले असतात. नाण्यांचं तर मुलांच्या कानावर आधीच घाला. राम-सीता किंवा हनुमानाचं चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली 1616, 1717, 1818 सालची नाणी ढिगाने दिसतील, ती खरी नाणी नाहीतच, कंपनीने असली राम-सीता-हनुमानाची नाणी चलनात कधी काढली नाहीत. शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) म्हणूनही खूप नकली खपवतात.

भावाचं म्हणाल तर निघण्याआधी एखाद्या भांड्यांच्या दुकानात त्या दिवशीचा पितळेच्या मोडीचा किलोचा भाव विचारून ठेवा. डबा हातात घेतला की वजनाचा अंदाज येतो, मोडीच्या भावाच्या खाली कोणी देणार नाही आणि त्याच्या वर जे द्याल ते घडणावळीचं आणि तुमच्या हौसेचं.

---

टेकडीपलीकडे

बहिणीच्या सामानाबद्दल लिहितो, कारण हे लोक गृहीत धरतात आणि एअरपोर्टवर अडकतात. आपल्याकडे 1972 चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा आहे, 1976 पासून लागू. त्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, चित्र, धातूकाम, कोरीवकाम वगैरे पुरावशेषात येतं, आणि शास्त्रीय, ऐतिहासिक, साहित्यिक मोलाची हस्तलिखितं असतील तर पंचाहत्तर वर्षं. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही, मग ती बाजारातून घेतलेली असो की स्वतःच्या देवघरातली. देशातल्या देशात घ्यायला हरकत नाही पण पुरावशेष विकणाऱ्याकडे परवाना लागतो.

ज्या वस्तूबद्दल शंका येऊ शकते, म्हणजे मुळात शंभर वर्षांची नाही पण दिसायला तशी आहे, त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ती पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र मिळतं. वस्तू आणि फोटो घेऊन जावं लागतं, तज्ज्ञ बघतात. एक-दोन आठवड्यांच्या सुट्टीत हे बसवणं अवघड आहे. त्यामुळे बहिणीला माझा सरळ सल्ला, समई नवीन घे. कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे अजून हाताने ठोकून तांब्याची भांडी करतात, मठारकाम म्हणतात त्याला, पृष्ठभागावर ठोक्यांच्या खळ्यांची ओळच्या ओळ असते. तिथून घेतलेलं पक्कं बिल जवळ ठेवायचं, कोणी काही विचारत नाही. मुलांनाही तिथे घेऊन जा, हातोड्यांचा तो आवाज गल्लीत शिरायच्या आधीच ऐकू येतो.

आणि मुलांसाठी दुसरं म्हणजे शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने केलेलं. रोजच्या घरातल्याच वस्तू, दिवे, अडकित्ते, कुलपं, फण्या, दौती, वाद्यं, आणि कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल. बाजाराच्या आधी बघा, म्हणजे चांगला अडकित्ता कसा असतो हे डोळ्यात बसतं. जिने आहेत, त्यामुळे आजींना सगळे मजले होणार नाहीत.

---

शेवंता_काकू

अगं गुलबक्षी, बाजाराचं बघालच, पण आधी आजीच्या घरातला माळा आणि पलंगाखालची ट्रंक उघड. मोडीत सगळं गेलं असं घरोघरी म्हणतात पण काही ना काही मागे राहिलेलं असतंच, एखादा फिरकीचा तांब्या, फुलपात्रं, पळी-पंचपात्र. आणि ते बाहेर काढलंस की चिंच लावून घासायच्या आधी कडेवर बघ, नाव घातलेलं असेल.

पूर्वी भांड्यावर नाव घातल्याशिवाय कोणी रुखवतात मांडायचं नाही की आहेर द्यायचं नाही. बारीक छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं, कोणी दिलं, कोणाला दिलं, कधी तिथी, कधी शके. शके असेल तर त्यात 78 मिळवायचे, शके 1869 म्हणजे 1947, फक्त जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आतलं असेल तर 79. माझ्या आईच्या एका परातीवर माझ्या आत्याआजीचं माहेरचं नाव निघालं, जे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं, कारण लग्नात नाव बदललं आणि मग सगळ्यांनी तेच लावलं. त्या परातीला बाजारात कोणी जास्तीचे चार पैसे देणार नाही पण आमच्याकडे त्या बाईची दुसरी काही खूण राहिलेली नाहीये, ना फोटो ना पत्र.

म्हणून मुलाला कामाला लाव. अकरा वर्षांचा आहे ना, त्याच्या हातात टॉर्च दे, तिरका उजेड पाडला की झिजलेली अक्षरं उठून दिसतात, फोटो काढायचा आणि आजीला विचारायचं ही कोण, हा कोण. आजी बोलायला लागली की फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. तिला प्रश्न विचारा, मधे बोलू नका, आणि घाई करू नका, हे मी फार कळकळीने सांगते कारण सत्त्याऐंशी वर्षांची माणसं एकदा एका नावावर थांबली की त्यांना थांबू द्यावं लागतं.

आणि बाजारात पण आजीला न्या. पेठेतले पाहुणे म्हणतात तसं स्टूल न्या, बुधवार धरा, पण घरी ठेवू नका. तिने मागितलंय.

---

गुलबक्षी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री आजीला फोन करून काकूंनी सांगितलेलं विचारलं की घरात नाव घातलेलं काही आहे का, तर म्हणाली ट्रंकेत एक गडू आहे आणि दोन पितळी पातेली, "पण कल्हई गेलीये त्यांची, तुमच्या काय कामाची." नंतर त्या गडूवरच अर्धा तास बोलली, तो तिच्या मोठ्या नणंदेने दिलेला, आणि ती नणंद तिला पोथी वाचायला कशी शिकवायची, हे मी पहिल्यांदा ऐकलं. लेक शेजारी बसून सगळं ऐकत होती.

तर आता ठरलंय ते असं, पहिले दोन दिवस घरीच, ट्रंक आणि टॉर्च. बुधवारी आजीसकट बाजार, रिक्षा थांबवून, स्टूल घेऊन. बहिणीची समई तांबट आळीजवळ किंवा रविवार पेठेत बघू, नवीनच. संग्रहालयात नवरा मुलांना आदल्या दिवशी नेईल.

एक शेवटचं विचारते, ती पातेली परत वापरता येतील का? आजीला एकदा त्यात आमटी करून वाढायचीय म्हणते.

---

ठोक्याचं_पातेलं

येतील की, पण कल्हई केल्याशिवाय आमटी अजिबात नको, चिंच-आमसुलाने कळकेल आणि सगळ्यांची पोटं बिघडतील. आतून भोकं किंवा चीर नाही ना एवढं बघून घ्या, पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा, सकाळी कागद ओला नसेल तर पातेलं चांगलं.

कल्हईवाले आता कमी राहिलेत पण पेठांमध्ये आहेत, तांबट आळीत कोणालाही विचारा, नाहीतर आजींच्या बिल्डिंगमधल्या जुन्या लोकांना माहीत असेल. समोर उभं राहून करून घ्या आणि मुलांना दाखवाच. भांडं भट्टीवर लाल तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो (मुलांना जरा लांब उभं करा, धूर घशाला लागतो), मग कथलाची कांडी टेकवून कापसाने आतून एक हात फिरवतात आणि काळं पातेलं बघता बघता चांदीसारखं पांढरं होतं. कथील शुद्धच लावा म्हणून आधीच सांगा, स्वस्तातल्यात शिसं मिसळलेलं असू शकतं, पैसे जास्त पडले तरी चालतील. घरी आणल्यावर त्यात एकदा नुसतं पाणी उकळून टाकून द्या, तारेची घासणी लावू नका आणि रिकामं पातेलं गॅसवर ठेवू नका, कल्हई वितळते.

बाजाराला जायच्या आधी पातेली करून आणणार असाल तर सोमवारी न्या, म्हणजे बुधवारच्या आत हातात येतील. आणि डबा मिळाला तर फोटो टाका इथे, बुडाचा पण.