पथ्य पाळूनही एलडीएल १९० च्या वर?

वर एका ताईंनी विचारलंय की शेवभाजी, तूप, अंडी सोडून सहा महिने झाले, तरी एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १९० च्या खाली येत नाही, मग पथ्य कशाला?

आमच्याकडेही हेच. जळगावचे मामा माळकरी, अंगाने काटकुळे, एलडीएल २१०. काका मात्र भरीत पार्टीत तेलाच्या तवंगासकट वाटी संपवतात आणि रिपोर्ट स्वच्छ!

कोलेस्टेरॉल बरंचसं शरीर स्वतःच बनवतं. रक्तातलं एलडीएल उचलायला यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी ते शोधले, १९८५ साली नोबेल मिळालं. या रिसेप्टरचं जनुक आईकडून किंवा वडिलांकडून सदोष आलं की उचल कमी होते. असा दोष साधारण २५० माणसांत एकाला असतो. मामांचं बहुधा तेच.

उलटं उदाहरण जास्त मजेशीर. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ८८ वर्षांच्या एका आजोबांची नोंद छापून आली. रोज २५ अंडी, तरी कोलेस्टेरॉल नॉर्मल. त्यांचं आतडं त्यातलं जेमतेम १८ टक्के शोषायचं, आणि यकृत जास्तीच्या कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल करून टाकायचं.

तरीही पथ्य वाया नाही. तूप, डालडा यांतल्या संपृक्त चरबीने रिसेप्टर कमी होतात. (शेंगदाणा तेलाच्या डब्यावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ सोडा, वनस्पती तेलात ते नसल्यातच जमा.) पण १९० च्या वर असेल तर नुसत्या कळण्याच्या भाकरीवर भागणार नाही. डॉक्टरांना घरातला इतिहास सांगा, भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या.