सर्व्हिस रात्रभर पडते-उठते, डिस्क भरते – मदत हवी आहे

मंडळी, उबंटू 22.04 चा छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आहे. त्यावर एका पतसंस्थेच्या पावत्या काढणारी पायथनची सर्व्हिस सिस्टमडीखाली (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) चालते. कोड लिहिणारा आता फोन उचलत नाही, तेव्हा कोडला हात लावता येणार नाही असं धरून चला.

दिवसाचा हिशेब बंद झाला की सकाळपर्यंत पोस्टग्रेस (सर्व्हिसचा डेटाबेस) बंद ठेवतात (का, ते विचारू नका, तो वाद घालून झालाय). तेवढ्या वेळात सर्व्हिस दर पाच-सहा सेकंदांनी मरते, पुन्हा उठते आणि डीबग (सविस्तर नोंदी) चालू असल्याने दरवेळी शेकडो ओळी ओकते. युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगची फाइल):

रीस्टार्ट=ऑलवेज
रीस्टार्टसेक=5

जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदी, म्हणजे जर्नल, दाखवणारी कमांड) 'रीस्टार्ट काउंटर इज ॲट' आणि पुढचा आकडा वाढतच जातो. 10 सेकंदांत 5 वेळा सुरू झाली की सिस्टमडी नाद सोडतो ना? इथे का सोडत नाही?

दुसरं, सहकाऱ्याने जागेसाठी /व्हार/लॉग/सिसलॉग ही नोंदींची फाइल आरएमने (डिलीट करणारी कमांड) उडवली. डीयूला (फाइलींचा आकार मोजणारी कमांड) फाइल दिसत नाही, डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी) मात्र 97 टक्क्यांवरच. रीबूट न करता जागा कशी सोडवू?

प्रतिसाद:

रीस्टार्टसेक 5 असेल तर 10 सेकंदांत सर्व्हिस फार तर दोन-तीनदा सुरू होणार. पाचचा आकडा गाठलाच जात नाही. रीस्टार्टसेक न लिहिता मूळचे 100 मिलिसेकंद असते तर लगेच थांबली असती.

युनिट फाइलच्या युनिट विभागात स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=60 (10 ऐवजी 60 सेकंदांत मोजणी) टाकलं तर थांबेल. (सर्व्हिस विभागात टाकू नका, तिथे सिस्टमडी ते धरत नाही.) पण तुम्हाला हे नकोच आहे. एकदा फेल्ड झाली की पोस्टग्रेस आला तरी ती आपणहून उठणार नाही, आणि सकाळी पतसंस्थेचं काउंटर उघडताच फोन तुम्हालाच. त्यापेक्षा सिस्टमसीटीएल एडिटने रीस्टार्टसेक=120 करा. लॉग वीसेक पटीने कमी होईल.

सिसलॉग फाइल आरसिसलॉगने (ती लिहिणारा प्रोग्राम) अजून उघडी धरलीय, म्हणून जागा सुटत नाही. 'सुडो एलएसओएफ +एल1' मारा, डिलीटेड म्हणून दिसेल. मग 'सुडो सिस्टमसीटीएल किल -एस एचयूपी आरसिसलॉग', म्हणजे तो फाइल सोडून नव्याने उघडेल. यापुढे आरएम नको, फाइल जागेवरच रिकामी करणारं 'ट्रंकेट -एस 0' वापरा.

धागाकर्ता:

एचयूपी दिल्या दिल्या डीएफ 61 वर आला, आभार! रीस्टार्टसेकचं आज रात्री कळेल. एक राहिलं: त्याच ओळी जर्नलमध्येही जातात आणि सिसलॉगमध्येही. फक्त या सर्व्हिसपुरतं सिसलॉगमधलं थांबवता येतं का?