मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी निबंधलेखन कुठून सुरू करावं? (बडोदा)

विश्वामित्रीकाठ
नमस्कार मंडळी. एम.ए.चं पहिलं वर्ष, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पंधरा दिवसांत इंग्रजीत २,००० शब्दांचा निबंध द्यायचा आहे, विषय बडोदा संस्थानातलं प्राथमिक शिक्षण. वाचलेलं कळतं, पण लिहायला बसले की वाक्य मराठीत सुचतं आणि त्याचंच भाषांतर उतरतं. मागच्या वेळचा शेरा होता, "भाषा ढोबळ, आर्टिकल्स चुकीची, आधार कुठे?" अख्खं व्याकरण करायला वेळ नाही. आधी काय हातात घेऊ?

दांडियाबाजार
ताई, व्याकरणाआधी परिच्छेद बसवा. आपण मराठीत पार्श्वभूमी सांगत सांगत मुद्द्यावर येतो. इंग्रजी निबंधात मुद्दा पहिल्याच वाक्यात हवा, मग पुरावा, मग त्या पुराव्यातून काय निघतं ते. एका परिच्छेदाला दीडशेच्या आसपास शब्द, म्हणजे तुमचे बारा-तेरा परिच्छेद झाले. आधी फक्त ही बारा-तेरा पहिली वाक्यं लिहा आणि ओळीने वाचा. त्यातून युक्तिवाद पुढे सरकत नसेल तर बाकीचं लिहायला घेऊच नका.

'सयाजीराव वॉज अ ग्रेट किंग हू डिड मेनी थिंग्ज फॉर एज्युकेशन' हे कौतुक झालं. त्यावर वाद कोण घालणार? 'भाषा ढोबळ' हा शेरा अशा वाक्यांमुळेच येतो. त्याऐवजी असं लिहून बघा: 'इन १९०६, बरोडा स्टेट मेड प्रायमरी एज्युकेशन कम्पल्सरी; द हार्डर टास्क वॉज कीपिंग चिल्ड्रन इन स्कूल.' वर्ष आलं, कृती आली, आणि अर्धविरामानंतर असा मुद्दा आला की हजेरीचे आकडे शोधावेच लागतात. आकडे उलटे निघाले तर दावा बदलायचा. हंसा मेहता लायब्ररीत संस्थानाचे जुने अहवाल आहेत का, ते आधी विचारून घ्या.

शुद्धलेखन_बडोदे
वरचं मान्य. पण आर्टिकल्सचंही ऐका, कारण या चुका मराठीतूनच येतात, आणि कुठून येतात ते कळलं की सापडतातही.

मराठीत 'द' नाहीच, म्हणून तो एकतर गळतो नाहीतर जिथे तिथे पडतो. प्रत्येक नामापाशी थांबून विचारा: कोणतं ते वाचकाला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर 'द'. पहिल्यांदाच येत असेल आणि मोजता येत असेल तर 'अ'. एकूणच एज्युकेशनबद्दल बोलत असाल तर काहीच नको. 'अ' की 'ॲन' हे उच्चारावरून ठरतं, स्पेलिंगवरून नाही: अ युनिव्हर्सिटी, ॲन अवर, ॲन एम.ए. स्टुडंट.

आपल्याकडे पुरावे, संशोधनं, उपकरणं, सल्ले अशी सरळ अनेकवचनं होतात. तीच सवय लागून एव्हिडन्सेस, रिसर्चेस, इक्विपमेंट्स, ॲडव्हायसेस लिहिलं जातं. ही चारही एकवचनीच ठेवा. 'डिस्कस अबाउट'मधला अबाउट आपल्या 'बद्दल'मधून येतो, तो काढा. आणि काळ! 'काल पाहिलं आहे' हे मराठीत चालतं, पण इंग्रजीत संपलेल्या काळाचं वर्ष दिलं की 'हॅज बीन स्टार्टेड' चालत नाही. १९०६ आलं की 'वॉज स्टार्टेड'.

निबंध एकाच बैठकीत तपासू नका. एक फेरी फक्त आर्टिकल्सची, दुसरी फक्त क्रियापदांची, तिसरीत मोठ्याने वाचा. सगळं एकदम शोधायला गेलं की निम्मं नजरेतून सुटतं.

मांडवीचा_वाचक
आधाराबद्दल. उतारा दोनदा वाचा, पुस्तक मिटा, त्यातला मुद्दा स्वतःला मराठीत सांगा आणि तिथून इंग्रजीत लिहा. मग मूळ उघडून ताडून बघा. पुस्तक समोर ठेवून शब्द बदलत गेलात तर वाक्याचा सांगाडा लेखकाचाच राहतो, आणि तीही उचलेगिरीच. नाव आणि वर्ष त्याच वेळी टिपून ठेवा. शेवटच्या रात्री पान नंबर सापडत नाही.

दुसऱ्याचं मत देताना सगळीकडे 'सेज' नको. 'आर्ग्यूज' म्हणजे बाजू मांडतो, 'सजेस्ट्स' म्हणजे जपून सुचवतो, 'शोज' म्हणजे दाखवून देतो आणि ते तुम्हालाही पटलेलं आहे. 'प्रूव्हज' शक्यतो टाळाच, एका अहवालाने काही सिद्ध होत नाही. अशा तयार वाक्यरचनांसाठी मँचेस्टर विद्यापीठाची ॲकॅडमिक फ्रेजबँक नेटवर मोफत आहे. शब्दांसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ॲकॅडमिक वर्ड लिस्ट घ्या. तिच्यात ५७० शब्दकुलं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत आणि पहिल्या उपयादीत सगळ्यांत जास्त भेटणारी ६०. पंधरा दिवसांत तेवढीच करा.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांत प्रबंध आणि शोधलेखांना १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यासाठी दंड नाही. वर्गातले निबंध त्या नियमांच्या बाहेर आहेत, पण सवय आत्ताच लागलेली बरी.

विश्वामित्रीकाठ
खूप आभार. एकच शंका: मराठी पुस्तकातला उतारा मीच इंग्रजीत आणला तर शब्द माझेच ना? तरी नाव द्यायचं?

मांडवीचा_वाचक
द्यायचंच. शब्द तुमचे असले तरी विचार त्यांचा. संदर्भ देण्याच्या एपीए आणि एमएलए अशा दोन पद्धती आहेत. एपीएमध्ये स्वतः केलेलं भाषांतर 'आपल्या शब्दांत मांडलेलं' धरतात, म्हणून अवतरणचिन्हं नकोत. नाव-वर्ष पुरे, पान दिलंत तर उत्तम. एमएलएत शब्दशः असेल तर अवतरणचिन्हं घालून 'माय ट्रान्स.' लिहा. एपीएच्या संदर्भयादीत पुस्तकाचं नाव रोमन लिपीत उच्चाराप्रमाणे, पुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ. विभागात कोणती पद्धत चालते ते उद्याच विचारा, दोन्हींची मिसळ करू नका.