मदत हवी आहे: बायबल आजही का वाचायचं, हे कॉलेजच्या मुलांना कसं सांगू?

जय ख्रिस्त मंडळी, पुढच्या रविवारी आमच्या चर्चच्या तरुण संघात मला बोलायचंय. मुलं सरळ विचारतात की दोन हजार वर्षांपूर्वीचं पुस्तक आमच्या परीक्षा, नोकरी, टेन्शनवर काय सांगणार? प्रश्न रास्त आहे, आणि "देवाचं वचन आहे म्हणून वाचा" एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण घ्यायचं ठरवलंय, रेल्वेत एका अनोळखी युरोपियन माणसाने त्यांना नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग दिला, त्यातल्या मत्तयाच्या पुस्तकातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते आतून हलले आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेही घरच्यांचा विरोध पत्करून. पण मला जास्त जवळची वाटतात बायबलमधली स्तोत्रं, म्हणजे प्रार्थनेची गीतं. 13वं स्तोत्र काढून बघा, देवा मला कुठवर विसरणार आहेस असं थेट विचारलंय, आणि 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासासुद्धा नाही! आई आयसीयूत होती तेव्हा मला स्वतःचे शब्द सुचत नव्हते, हीच वाचून प्रार्थना केली. देवाशी असं भांडता येतं हे मुलांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता अडलंय ते बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातल्या लढायांवर, देवाच्या आज्ञेने अख्ख्या शहरांची कत्तल कशी, हा प्रश्न हमखास येणार. तुमच्याकडे कुणी यावर तरुणांशी बोललंय का, काय सांगितलंत? आणि नोकरी गेल्यावर किंवा नापास झाल्यावर तुम्हाला कुठल्या अध्यायाने धरून ठेवलं, तेही प्लीज सांगा.