रस्त्यावर लाल खुणा मारून गेलेत, आता आपलं म्हणणं नक्की कुठे आणि कधी मांडायचं? (पुणे)

उंबरठा_पुणे

नमस्कार मंडळी. आमचा रस्ता जुन्या सोसायट्यांचा, दोन्ही बाजूला तीन तीन मजली बिल्डिंगी, खाली थोडी दुकानं, पुढे बसस्टॉप. मागच्या आठवड्यात काही माणसं टेप आणि दुर्बीण घेऊन आली आणि दोन्हीकडच्या कंपाउंडवर लाल रंगाने बाण आणि आकडे मारून गेली. चार झाडांवर पण नंबर टाकलेत. विचारलं तर "सर्व्हे आहे" एवढंच सांगितलं. तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर नुसता गोंधळ, कोण म्हणतं रस्ता नऊ मीटर होणार, कोण म्हणतं फुटपाथ काढून पार्किंग करणार, कोण म्हणतं काँक्रीटचा होणार, आणि एकाने तर मेट्रोचं पण नाव घेतलं. माझा विरोध वगैरे नाही हो, रस्ता खराबच आहे, सुधारला तर हवाच आहे. पण आमच्या सासूबाई रोज काठी घेऊन बसस्टॉपपर्यंत चालत जातात आणि आहे तो फुटपाथ गेला तर त्यांचं बाहेर पडणंच बंद होणार आहे हे मला दिसतंय. प्लॅन कुठे बघायला मिळतो? आणि सामान्य माणसाने काही लिहून दिलं तर ते कोणी वाचतं का, की सगळं आधीच ठरलेलं असतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

जुना_ओव्हरसीअर

ताई, आधी ती लाल खूण कशाची आहे ते काढा, बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एकाच लाल रंगाने तीन वेगवेगळी कामं आखली जातात आणि तिन्हीत तुमचं म्हणणं मांडायची जागा वेगळी.

एक म्हणजे डीपीतला, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २००७ ते २०२७ चा, तो शासनाने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. त्यात तुमचा रस्ता रुंद दाखवला असेल तर रुंदीचा निर्णय तेव्हाच झालेला आहे, त्यावर हरकती घेण्याची वेळ आराखडा प्रारूप असताना होती. त्यानंतर बदल करायचा तर एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो, त्याची जाहीर नोटीस निघते आणि एक महिना हरकतींना मिळतो. ती नोटीस पेपरात आतल्या पानावर इतक्या बारीक अक्षरात येते की कोणी वाचत नाही आणि मुदत निघून जाते.

दुसरी म्हणजे कलम २१० ची रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची हद्द कुठपर्यंत ते ठरवणारी रेषा, ही महापालिका कायद्यातली. तुमच्या ग्रुपवर नऊ मीटरचा विषय निघालाय त्यावरून मला हीच शंका येते. सहा मीटरच्या रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क विकत आणून जास्तीचं बांधकाम करणं, वापरता येत नाही, त्याला नऊ मीटरचा रस्ता लागतो. त्यामुळे जुन्या सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट अडतं. २०२० मध्ये पुण्यात असे तीनशेच्या वर सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला होता तेव्हा त्यावर भरपूर वाद झाला, कारण काहींचं म्हणणं होतं की निवडक रस्ते का, करायचे तर सगळे करा. २१० मध्ये पण मंजुरीच्या आधी जाहीर नोटीस द्यावी लागते. आणि हे लक्षात घ्या की रेषा आखली म्हणजे उद्या भिंत पडली असं नसतं, जुनी बिल्डिंग पाडून नवीन बांधताना त्या रेषेच्या आत यावं लागतं. म्हणजे निम्म्या सोसायट्या मागे सरकलेल्या आणि निम्म्या जागेवर, असा दातेरी रस्ता बरीच वर्षं राहतो.

तिसरं म्हणजे साधं पथ विभागाचं काम, आहे त्या रुंदीत डांबर, काँक्रीट, फुटपाथ, ड्रेनेज. यात कायद्याने हरकती मागवाव्या लागत नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं की आपला काही संबंधच नाही. पण खरं तर सगळ्यात जास्त बदल इथेच करून घेता येतो, फक्त एस्टिमेट व्हायच्या आत गेलं पाहिजे. एकदा एस्टिमेट मंजूर होऊन टेंडर निघालं की इंजिनिअर मनातून तयार असला तरी त्याचा हात बांधलेला असतो, आयटम बदलायचा म्हणजे त्याला परत वरपर्यंत मंजुरी घ्यावी लागते. मी आयुष्यभर हीच कामं केली. लोक नेमके खोदाई सुरू झाल्यावर यायचे, आणि तेव्हा त्यांचं म्हणणं बरोबर असून उपयोग नसायचा, याचं फार वाईट वाटायचं.

म्हणून क्षेत्रीय कार्यालयात कनिष्ठ अभियंत्याला भेटा आणि विचारा, हे काम कोणत्या बजेट हेडमधलं, एस्टिमेट झालंय का, क्रॉस सेक्शन बघायला मिळेल का. क्रॉस सेक्शनच मागा. वरून काढलेला प्लॅन बघून काही कळत नाही, आडव्या छेदात फुटपाथ किती, पार्किंग किती, गाड्यांना किती ते सरळ दिसतं. तोंडी नाही मिळालं तर माहिती अधिकार आहेच, दहा रुपये फी आणि तीस दिवस. आणि २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा कार्यालयं आणि महापालिकांमध्ये दर सोमवारी ३ ते ५ कागदपत्रं बघायला द्यायची आहेत, जायच्या आधी तिथे फोन करून खात्री करा.

सायकलवाली_मृण्मयी

काकांनी मुळातलं सांगितलं. मी फक्त फुटपाथबद्दल लिहिते कारण या विषयात मी खूप वर्षं अडकलेय.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलंय, देशात असं धोरण करणारी ही पहिली महापालिका म्हणतात, आणि त्याच वर्षी रस्त्यांच्या डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वं पण आली. म्हणजे फुटपाथ मागणं ही काही मेहेरबानी नाही, त्यांच्याच कागदावर आहे. पत्रात या दोन्हीचा उल्लेख कराच. आणि आयआरसी १०३ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या फुटपाथबद्दलच्या नियमावलीत, रहिवासी भागात फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितलीय, उंची १५० मिमीच्या वर नको. मोकळी म्हणजे खरंच मोकळी, त्यात झाडाचं आळं, विजेचा खांब, फीडरची पेटी, बोर्ड हे धरायचं नाही. कागदावर दोन मीटरचा फुटपाथ असतो आणि मधोमध पेटी असल्यामुळे चालायला उरतं दोन फूट, मग माणूस खाली उतरतो आणि परत चढतच नाही.

सासूबाईंसाठी रुंदीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो का ते. काठीवाल्या माणसाला आठ गेट म्हणजे आठ वेळा उतरणं आणि आठ वेळा चढणं, गुडघे बोलायला लागतात. डिझाइनमध्ये असं मागा की फुटपाथ गेटसमोरून एकाच लेव्हलला जाईल आणि गाडी त्यावर छोट्या उतारावरून चढून जाईल. हे जंगली महाराज रोडच्या नवीन भागात जाऊन बघा, तिथे चालणारा माणूस सलग जातो, बसायला बाक आहेत, मुलं खेळतात. फार मोठा रस्ता आहे तो, तुमचा तसा होणार नाही, पण ही एक गोष्ट लहान रस्त्यावर पण करता येते आणि खर्च काही वेगळा लागत नाही.

अजून एक, ट्रायल मागा. औंधच्या डीपी रोडवर स्मार्ट सिटीच्या वेळी २०१६ मध्ये आधी बॅरिकेड लावून फुटपाथ रुंद करून दाखवला होता, लोकांनी चालून बघितलं, मग पक्कं काम. लोकांची भीती चालून बघितल्यावर जेवढी जाते तेवढी मीटिंगमध्ये भाषण करून जात नाही, हा माझा ठाम अनुभव आहे.

दुकान_आणि_दार

मी दुकानदाराच्या बाजूने बोलतो, कारण अशा चर्चेत आम्हाला सरळ फुटपाथ खाणारे म्हणून मोकळे होतात. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. फुटपाथ रुंद व्हायला माझी ना नाही, चालणारा माणूसच आत येतो, गाडीतून जाणारा येत नाही, हे मला गल्ल्यावर बसून कळतं. मला भीती असते ती कामाच्या काळाची. खोदून ठेवतात, एका बाजूला ड्रेनेज झालं की केबलवाले येतात, ते झालं की पाण्याची लाइन, आणि मग पावसाळा लागतो म्हणून खोदाई बंद. ज्याच्या दारात चर असतो त्याचं जून महिन्याचं वह्या-पुस्तकांचं गिऱ्हाईक जातं ते परत दुसऱ्या वर्षीच येतं, आणि नोकरांचे पगार तर द्यावेच लागतात.

त्यामुळे ताई तुम्ही पत्र देणार असाल तर त्यात आमचं पण एक वाक्य घाला, की काम टप्प्याने करा, एका वेळी एकच बाजू, आणि सगळ्या खात्यांच्या लाइन एकदाच टाकून मग वरचं काम करा, आणि चालायला फळ्या टाकून द्या. असं लिहिलंत तर तुमच्या रस्त्यावरचे दुकानदार सही करतील. फक्त "फुटपाथ हवा" असं पत्र घेऊन गेलात तर ते दुसऱ्या बाजूला जाऊन बसतील आणि मग ऑफिसवाल्यांना सांगायला बरं की लोकांमध्येच एकमत नाही.

लक्ष्मी रोडचं बघा ना. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद. सुरुवातीला काय काय बोललं गेलं, पण त्या दिवशी रस्त्यावर जी माणसं असतात ती बघून व्यापाऱ्यांचं बोलणं थोडं तरी बदललं. सगळ्यांचं नाही, पण थोडं बदललं.

गोदाकाठ

नाशिकहून. दुकानदार दादांशी हजार टक्के सहमत. आमच्याकडे त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ स्मार्ट रोड झाला, जेमतेम १.१ किलोमीटर, आणि त्याला मुदतीच्या कितीतरी पुढे वेळ गेला. त्या रस्त्यावर शाळा आहेत, कोर्ट आहे, कलेक्टर ऑफिस आहे, सगळ्या नाशिकला त्रास झाला. रस्ता कसा होणार यावर लोक बोलले, तो *कधी आणि कोणत्या क्रमाने* होणार हे कोणी लिहून मागितलं नाही. तुम्ही कामाचं वेळापत्रक मागाच, आणि बोर्ड लावायला सांगा ज्यावर कामाचं नाव, रक्कम, मुदत आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला असेल. तो कालावधी सगळ्यात उपयोगी, त्यात रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो.

उंबरठा_पुणे

बाप रे किती माहिती, सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानदार दादा तुमचं वाक्य जसंच्या तसं घालते. एक विचारायचं राहिलं, त्या झाडांवर नंबर टाकलेत म्हणजे ती तोडणारच का? त्यातलं एक कडुलिंबाचं आहे, आख्ख्या बसस्टॉपला त्याचीच सावली.

सायकलवाली_मृण्मयी

नुसता नंबर म्हणजे तोड नाही हो, झाडांची गणना करताना आणि सर्व्हे करताना पण नंबर टाकतात. तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे झाडावर नोटीस चिकटवावी लागते, पेपरात पण द्यावी लागते, आणि हरकतीला सात दिवस असतात. सातच दिवस, म्हणून त्या झाडाकडे रोज कोणीतरी बघत राहा, शाळेच्या मुलांना सांगितलंत तरी चालेल, ती विसरत नाहीत. नोटीस दिसली की तारखेसकट फोटो काढा आणि त्याच दिवशी उद्यान विभागात हरकत द्या. त्यात "झाड वाचवा" एवढंच लिहू नका, झाडाच्या बुंध्यापासून रस्त्याच्या कडेपर्यंत किती अंतर आहे आणि फुटपाथ झाडाच्या मागून कसा नेता येईल ते लिहा, जमलं तर हाताने चित्र काढा. अधिकाऱ्याला पर्याय हातात मिळाला की त्याला पण वर सांगता येतं.

वॉर्डातला_माणूस

एक मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. तुमचा रस्ता यंदाच्या कामात नसला तर नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही सोय पुण्यात २००६ पासून आहे. पावसाळ्याच्या शेवटी अर्ज मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात पण आणि ऑनलाइन पण. एका कामाला पाच लाखांची मर्यादा असायची. यात रस्ता होणार नाही, पण गेटसमोरचे उतार, बसस्टॉपचा ओटा, दिवा, बाक, झेब्रा पट्टे हे नक्की बसतं. अर्ज फार कमी लोक करतात, आणि जे करतात ते "आमच्या भागात सुधारणा करावी" असं मोघम लिहितात, मग ते छाननीत जातं. जागा, लांबी, फोटो, आणि ती जागा महापालिकेची आहे हे लिहिलं की काढून टाकायला कारण राहत नाही.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढे कितीतरी काळ प्रशासकच कारभार बघत होता, त्या काळात लोकांची विचारायची सवयच मोडली, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. २००९ मध्ये क्षेत्र सभेची तरतूद कायद्यात आली, म्हणजे मतदारांनी आपल्या भागातली कामं स्वतः बसून सुचवायची, पण तुमच्या माझ्या ओळखीत अशी सभा बघितलेला कोणी आहे का? प्रभाग समितीत पण सामाजिक संस्थांच्या प्रतिनिधींना जागा आहे. नगरसेवकाला भेटाल तेव्हा प्रभाग समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा आणि तुमचं पत्र त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. इतिवृत्तात नोंद झाली की मग पुढच्या वेळी "असं काही आलंच नव्हतं" म्हणता येत नाही.

जुना_ओव्हरसीअर

ताई, जायच्या आधी एवढं करा. टेप घेऊन स्वतः मोजा, तुमच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत तीन चार ठिकाणी फुटपाथची मोकळी रुंदी आणि उंची, आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला रस्ता भरलेला असताना फोटो काढा, सकाळचा रिकामा फोटो नेऊ नका. पत्र एकाच पानाचं ठेवा, पत्ता कार्यकारी अभियंता, पथ विभाग, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला. दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोसायट्यांच्या लेटरहेडवर सह्या घेतल्यात तर उत्तम, आणि दुकानदारांच्या सह्या त्याच कागदावर घ्या, वेगळा कागद करू नका.

उंबरठा_पुणे

टेप आहे घरात. सोमवारी दुपारी जातेय, शेजारच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी पण येतो म्हणालेत. क्रॉस सेक्शन मिळालं तर फोटो इथेच टाकते, तुम्ही बघून सांगा गेटसमोरचा उतार त्यात धरलाय का ते.

सायकलवाली_मृण्मयी

नक्की टाका. आणि बसस्टॉपच्या समोर क्रॉसिंग कुठे दाखवलंय ते पण बघून या, बऱ्याच ड्रॉइंगमध्ये ते चौकातच असतं आणि उतरलेला माणूस तिथपर्यंत कधीच चालत जात नाही.