फोर्स्ड स्विम टेस्टवरून ‘अँटिडिप्रेसंट’ लिहावं का?

रानवेल:
एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी अश्वगंधाच्या मुळांचा अर्क विस्टार जातीच्या रॅटना (प्रयोगशाळेतल्या उंदरांना) तोंडावाटे दिला. फोर्स्ड स्विममध्ये (प्राण्याला बाहेर पडता न येणाऱ्या पाण्यात सोडून तो किती वेळ न हलता तरंगतो ते मोजतात) २०० मिग्रॅ/किलोच्या गटातले प्राणी अर्क न दिलेल्या कंट्रोल गटापेक्षा बराच कमी वेळ निश्चल राहिले. गाइड म्हणतात, ‘अँटिडिप्रेसंट (नैराश्य कमी करणारा) परिणाम’ असं लिही. मला धीर होत नाही. अजून काय तपासू?

जुना_फार्माकॉलॉजिस्ट:
घाई नका करू. ही चाचणी पोर्सोल्ट आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडली ती औषधं चाळून काढण्यासाठी. इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध दिल्यावर रॅट जास्त वेळ हातपाय मारतो, हे खरं. पण कॅफीन दिलं तरी मारतो! तुमच्या अर्काने नुसती हालचाल वाढली असेल तर? म्हणून त्याच डोसवर ओपन फील्ड (मोकळ्या चौकटीत प्राणी किती फिरतो ते मोजणं) कराच. तिथे हालचाल कंट्रोलइतकीच निघाली, तर तुमच्या निकालाला वजन येईल. तुलनेसाठी इमिप्रामिनचा गट ठेवलाय ना? आणि व्हिडिओवरून वेळ मोजणाऱ्याला कुठला प्राणी कुठल्या गटातला हे माहीत नसावं. अपेक्षा असली की बोट स्टॉपवॉचवर आपोआप लवकर पडतं, हे मी अनेक विद्यार्थ्यांत पाहिलंय.

पोहायला लावण्याऐवजी दुसरी वाट हवी असेल तर सुक्रोज प्रेफरन्स पाहा: दीर्घ ताण दिलेला रॅट गोड पाण्याकडे पाठ फिरवतो, ती ओढ परत येते का ते तपासायचं. वेळ लागतो, पण आनंद हरवण्याशी तिचा संबंध जास्त जवळचा आहे. पोहून आलेल्या प्राण्याला लगेच टॉवेलने पुसून उबेत ठेवा. एवढं सोसलेल्या जिवाच्या नावावर कच्चा निष्कर्ष लिहिला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पानफूल:
अर्काचं स्टँडर्डायझेशन? विथानोलाइड्स (अश्वगंधातले प्रमुख घटक) किती टक्के, हे लिहिलं नाही तर दुसऱ्या कुणाला प्रयोग पुन्हा करता येणार नाही. वनस्पतीचा नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करून क्रमांक घ्या.

रानवेल:
इमिप्रामिन गट आहे, मोजणी मात्र मीच केली. व्हिडिओ मैत्रिणीकडून पुन्हा मोजून घेते. २०० मिग्रॅ माणसासाठी किती होतो?

जुना_फार्माकॉलॉजिस्ट:
शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने रॅटचा डोस ६.२ ने भागा: साधारण ३२ मिग्रॅ/किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास २ ग्रॅम अर्क. हा फक्त अंदाज, सल्ला नव्हे. तसं प्रबंधात स्पष्ट लिहा. ओपन फील्ड मूळ प्रोटोकॉलमध्ये नसेल, तर आधी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडून दुरुस्ती मंजूर करून घ्या.