बेस गिटारला कोणत्या तारा घ्याव्यात? मदत हवी आहे

चिपळूणकर_मामा:

नमस्कार मंडळी. वय ४३, गाण्याचा कान बरा आहे (आईचा तंबोरा लहानपणापासून ऐकतोय), पण या वाद्यातलं ज्ञान शून्य. भाचा बंगळुरूला नोकरीला गेला आणि जाताना त्याची बेस गिटार माझ्याकडे टाकून गेला. "मामा, पडून गंजेल, त्यापेक्षा तू वाजव." ती गंजलेलीच होती हे नंतर कळलं. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटाच्या बिजागऱ्यासुद्धा टिकत नाहीत, तिथे तारा काय टिकणार.

पंधरा मिनिटं वाजवलं की बोटांची टोकं काळी होतात. सर्वांत जाड तारेतून खर्ज निघायला हवा तर नुसतं ठब्ब-ठब्ब येतं. तिसऱ्या पडद्यावर ती झणझणते. आई म्हणाली, "अरे, जवारी किती छान बोलतेय!" तिला काय सांगू?

दुकानात फोन केला तर त्याने मलाच विचारलं, राउंड की फ्लॅट, निकेल की स्टील, गेज काय? मी "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला. सध्या ऑनलाइन ४५-१०५ चा एक लाँग स्केल संच निवडून ठेवलाय, पैसे भरायचे बाकी आहेत. घेऊ का?

खरजवेडा:

थांबा मामा, पैसे भरू नका. आधी टेप घ्या. वरच्या नटपासून (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ब्रिजपर्यंत (खालच्या टोकाला तारा अडकवतात तो भाग) थेट मोजू नका, तिथली सॅडल्स (प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती छोटी ठोकळी) मागेपुढे केलेली असतात. ही लांबी म्हणजे स्केल. ३४ इंच आली तर ती लाँग स्केल, आणि तुमचा संच बरोबर आहे.

आणि ४५-१०५ म्हणजे बारीक तार ०.०४५ इंच, जाड ०.१०५ इंच. बाकी त्यात काही गूढ नाही.

चिपळूणकर_मामा:

आईचा शिवणाचा टेप लावला. बरोबर १५ इंच. म्हणजे ३०?

खरजवेडा:

वाचलात! तुमची शॉर्ट स्केल आहे. लाँग स्केल तार तिला लांब पडते. तारेच्या टोकाला रंगीत रेशीम गुंडाळलेलं असतं, तिथे ती निमुळती झालेली असते. तेवढाच भाग खुंटीवर यायला हवा. तुमच्याकडे आला असता पूर्ण जाडीचा भाग. तो खुंटीच्या बारीक दांड्यावर वळवताना वरची गुंडाळी उसवते, कधी तार तिथेच तुटते. पाकिटावर "शॉर्ट स्केल" लिहिलेलंच घ्या.

दुसरं, तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३४ वरून ३० वर आलात की ताण साधारण २२ टक्के कमी. म्हणून शॉर्ट स्केलवर ४०-९५ सारख्या हलक्या तारा लोंबल्यासारख्या वाटतात, जास्त हेलकावतात आणि पडद्यांना लागतात. ४५-१०५ च ठेवा. बोटं दुखतील म्हणून बारीक तारा घ्यायचा मोह होईल, तो टाळा.

वसईची_बेसिस्ट:

चर्चच्या कॉयरमध्ये बारा वर्षं वाजवतेय, म्हणून राउंड-फ्लॅटबद्दल माझे दोन शब्द. राउंडवूंडमध्ये वरची गुंडाळी गोल तारेची, म्हणून हाताला खरखरीत आणि आवाज खणखणीत. पण त्या खाचांतच घाम नि मळ जाऊन बसतो, तुमचं ठब्ब-ठब्ब तिथलंच. फ्लॅटवूंडची गुंडाळी चपट्या पट्टीची, काचेसारखी गुळगुळीत, आवाज गोल आणि दबका. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसिस्ट जेम्स जेमरसन फ्लॅटच वाजवत, आणि तार तुटल्याशिवाय ती बदलत नसत असं सांगतात. मी स्वतः फ्लॅटवाली, पण तुम्हाला पहिला संच निकेलच्या राउंडचाच सांगेन. फ्लॅट बरेच महाग पडतात, आणि कोणता आवाज आवडतो ते अजून तुम्हालाच माहीत नाही. स्टेनलेस स्टील जास्त चमकदार वाजतं आणि गंजतही कमी, पण बोटांना कडक लागतं, पडदेही लवकर झिजवतं.

कोकणात राहता तर वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्याच्या चिमटीत धरून वर-खाली पुसा, तारेच्या खालची बाजूसुद्धा. नाहीतर दोन महिन्यांत पुन्हा इथेच याल.

चिपळूणकर_मामा:

शॉर्ट स्केल, निकेल, राउंड, ४५-१०५ मागवला. गुरुवारी येतोय. चारही जुन्या तारा एकदम काढून मान पुसून घेऊ का? आणि झणझण तरीही राहिली तर?

खरजवेडा:

एकदम काढल्या म्हणून मान मोडत नाही, पण पहिल्यांदा एकेक बदला. खुंटीवर किती वेढे होते, कोणत्या बाजूने होते, ते शेजारच्या तारेवर बघायला मिळतं. झणझण राहिली तर लगेच मानेतला ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी सळई) पिळायला जाऊ नका. तारा लावून एक दिवस जाऊ द्या, सूर पुन्हा लावा, मग बघू. फोटो टाका.

तार कापताना मात्र जपून. पुढच्या दोन खुंट्यांइतकी लांबी जास्त ठेवा, कापायच्या जागेच्या जरा आधी तार काटकोनात दुमडा आणि मगच पक्कड लावा. सरळ तार कापली की आतल्या गाभ्यावरची गुंडाळी सैल होऊन फिरते, आणि नवीकोरी तार पहिल्याच दिवशी जुन्यासारखी ठब्ब वाजते. माझी ई (सर्वांत जाड तार) अशीच गेली.

चिपळूणकर_मामा:

दुमडून मग कापायची, लिहून ठेवलं. पक्कड शेजाऱ्यांकडे आहे, गुरुवारपर्यंत परत मिळवतो.